आम्रपालीचा पेहराव अजिंठ्यात सापडला. ऊसतोड बाईचा कुठे सापडेल?

दसरा सरला की मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, धान्याची पोती, लेकरे आणि त्यांना धरून बसलेल्या बायका. फडात उतरल्यावर यांतल्या अनेकजणी साडीवर नवऱ्याचा किंवा भावाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात. उसाचे पाते धारदार असते, उघडा हात कापतो. डोक्याला रुमाल किंवा जुन्या साडीचा तुकडा. हा पेहराव कोणी ठरवून केलेला नाही, तो कामाने घडवला आहे. पडद्यावरची मराठवाड्यातली बाई मात्र अजूनही बऱ्याचदा कोऱ्या खणाच्या चोळीत आणि कडक इस्त्रीच्या नऊवारीत दिसते. नुकतीच ड्रेपरीवाल्याकडून आणल्यासारखी.

यावर ‘सिनेमा आहे, चालायचेच’ असे म्हणून सोडून देता येते. पण वेशभूषेला जगाच्या व्यासपीठावर मान मिळवून देणारी बाई महाराष्ट्राचीच होती आणि तिने हे कधी चालवून घेतले नाही.

भानू अथैया यांनी वेगळे काय केले?

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म 1929 मध्ये कोल्हापुरात झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, ते लहानपणीच गेले. भानू मुंबईला येऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि प्रोग्रेसिव्ह गटातील चित्रकारांबरोबर त्यांची चित्रे प्रदर्शनात लागली. नियतकालिकासाठी फॅशनची रेखाटने करता करता त्या सिनेमात आल्या. ‘सी.आय.डी.’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाईड’, ‘वक्त’पासून ‘लेकिन’ आणि ‘लगान’पर्यंत शंभरहून अधिक चित्रपट त्यांनी केले. शेवटच्या दोघांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

‘गांधी’ (1982) पाहताना त्यांचे काम कळते, कारण तिथे कपडेच गोष्ट सांगतात. सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर, आफ्रिकेतून परतल्यावर काठियावाडी वेशातला माणूस आणि पुढे फक्त पंचा. यातली प्रत्येक पायरी इतिहासात नोंदलेली आहे. गांधीजींनी पंचा स्वीकारला तो सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत. एका वर्षाची चूक झाली असती तरी जाणकाराच्या डोळ्यात खुपली असती. मुख्य पात्रांपलीकडे गर्दीतला शेतकरी, वकील, शिपाई, विधवा या सगळ्यांचे कपडे त्या त्या प्रांताचे आणि काळाचे हवे होते. शिवाय ते वापरलेले दिसायला हवे होते. नवे कापड धुऊन, घासून, चहाच्या पाण्यात बुडवून जुने करावे लागते, ही या धंद्यातली रोजची मेहनत. एप्रिल 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासह अथैया यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

यात मराठवाडा कुठे आला?

मांजरसुंब्याहून धुळे-सोलापूर महामार्गाने उत्तरेला गेले की छत्रपती संभाजीनगर, तिथून पुढे अजिंठा. 1966 च्या ‘आम्रपाली’साठी वैजयंतीमालाचे कपडे करताना अथैया यांनी आधार घेतला तो याच लेण्यांतल्या चित्रांचा. न शिवता नेसलेली वस्त्रे, कमरेचे पट्टे, केसांतले अलंकार हे सारे त्या भिंतींवर आहे. चित्रांतल्या कापडांवरचे पट्टे आणि हंसांची नक्षीसुद्धा अजून ओळखू येते.

आता काटेकोर बोलायचे तर आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि अजिंठ्याची गाजलेली चित्रे त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी काढलेली. इतिहासाचे प्राध्यापक यावर आक्षेप घेऊ शकतात. पण वेशभूषाकाराला शून्यातून काम करता येत नाही, हातात असलेल्या उत्तम पुराव्यावरच उभे राहावे लागते. कोणा अनाम चित्रकाराने आजूबाजूची माणसे काय नेसतात ते बारकाईने पाहिले आणि भिंतीवर उतरवले. ते टिकले, म्हणून दीड हजार वर्षांनी कोल्हापूरच्या एका बाईला कामी आले.

आजच्या बीड जिल्ह्याची अशी भिंत कोणती? पैठणीला निदान पैठण आहे, हिमरूला संभाजीनगर आहे. महागड्या वस्त्राला जपणारे भेटतात. म्हातारीचे इरकली लुगडे, गड्याची तीन बटणांची कोपरी, तांड्यावरच्या बंजारा आजीची कांचळी, ऊसतोड बाईचा तो शर्ट यांना कोण जपणार? आजी गेली की लुगड्याची गोधडी होते. नवी सून गाऊन घालते, त्यात गैर काहीच नाही. पण जुन्याची नोंद न होता ते जाते, हा तोटा आहे.

ऑस्कर परत का दिले?

नोंद आणि जतन यांबाबत आपण कसे आहोत, हे अथैया यांना चांगले ठाऊक होते. 2012 मध्ये त्यांनी आपली ऑस्करची बाहुली अकादमीकडे सांभाळायला परत पाठवली. आपल्या पश्चात इथे ती सुरक्षित राहील याची त्यांना खात्री वाटत नव्हती. 2004 मध्ये शांतिनिकेतनमधून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीला गेले, ते देशाने पाहिलेच होते. ऑक्टोबर 2020 मध्ये अथैया गेल्या आणि काही आठवड्यांतच त्यांच्या चित्रांचा, रेखाटनांचा लिलाव झाला. ज्याला परवडले त्याने घेतले. कोल्हापुरात किंवा मुंबईत हा सगळा ठेवा एका छताखाली पाहता आला असता तर किती विद्यार्थी त्यावर शिकले असते!

मग इथे काय करता येईल?

इन्स्टाग्रामवर फोटो आहेतच की, असे कोणी म्हणेल. आहेत, पण ते नटूनथटून काढलेले. गाव नाही, तारीख नाही, कापड कुठले ते नाही. अशा फोटोवरून पुढच्या पिढीतला वेशभूषाकार काहीही शिकू शकणार नाही.

मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी दूरदूरचे भाविक पायी येतात. लातूर-नांदेडकडचे आणि कर्नाटकातले धोतर, टोपी, पटका, लुगड्याची नेसण एकाच ठिकाणी पाहायला मिळते. संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. त्याने आणि बीड-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांनी दरवर्षी दहा विद्यार्थी जरी या यात्रेला आणि एखाद्या ऊसतोड तळावर पाठवले तरी काम सुरू होईल. त्याला मोठा निधी लागत नाही, मोबाइल पुरतो. मात्र आधी विचारायचे, मगच फोटो काढायचा. फाटका शर्ट हा कोणाचा ‘लूक’ नाही, ते अंग वाचवण्याचे साधन आहे. नाही म्हणाली तर मोबाइल खिशात.

हो म्हणाली तर चेहऱ्याची गरज नाही. कापड सुती की पॉलिस्टर, लुगडे किती वारी, काठ कोणता, कुठल्या बाजारातून घेतले, चोळी कोणी शिवली, कासोटा कसा खोचला, शर्टाची बाही कुठवर दुमडली, हे लिहून घ्यायचे. शेवटी गाव आणि तारीख.