पिस्तूल निवडताना किमतीपेक्षा मूठ महत्त्वाची

मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक पटकावले. मात्र, हौशी नेमबाजाने त्या प्रेरणेतून थेट महागडे पिस्तूल घेणे शहाणपणाचे नाही. पॉइंट २२ पिस्तुलाला १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. २०१६ च्या नियमांनुसार २० ज्यूलपर्यंतच्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलाला तो लागत नाही. त्यामुळे सुरुवात त्यानेच करणे इष्ट. मूठ हातात चपखल बसावी, ट्रिगर दर वेळी सारखाच दबावा; स्पर्धेत त्याचा दाब किमान ५०० ग्रॅम लागतो. दुरुस्तीची सोयही पाहावी. टोकियोत २०२१ मध्ये पात्रता फेरीतच पिस्तूल बिघडले आणि मनूची अंतिम फेरी हुकली. त्यामुळे आधी क्लबच्या पिस्तुलावर सराव करावा, खरेदी नंतर.