‘गुन्हा कबूल’ म्हणण्यापूर्वी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या मध्यमवर्गाने इतकी मनावर घेतली आहे की, ती पायरी चढण्याचा प्रसंग आलाच तर लवकरात लवकर उतरून घरी कसे परतावे, याखेरीज त्याला दुसरे काही सुचत नाही. सोसायटीच्या बैठकीत हमरीतुमरी होऊन कोणाच्या अंगावर हात पडलेला असतो, किंवा रात्रीच्या नाकाबंदीत पोलिसांच्या यंत्राने श्वासातील मद्य पकडलेले असते. समन्स हाती पडले की शेजारी, मेहुणे, कचेरीतील स्नेही एकमुखाने सांगतात : ‘वकिलाची भर कशाला करता? गुन्हा कबूल करा, काय तो दंड भरा आणि मोकळे व्हा.’ हा सल्ला मोठा व्यवहारी वाटतो. आमच्या मते तो पुष्कळदा घातक असतो.

पुष्कळदा म्हणतो, नेहमी नव्हे. वाहतुकीचे साधे चलान भरण्यासाठी वकील गाठणाऱ्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. ज्या क्षुल्लक अपराधांना पाच हजार रुपयांपर्यंतच्या दंडाखेरीज दुसरी शिक्षाच नाही, त्यांत कबुली व दंड टपालाने पाठविण्याची सोयही कायद्याने ठेवली आहे. पण लोक ज्याला ‘किरकोळ’ म्हणतात ते कायद्याच्या लेखी किरकोळ असतेच असे नाही. मद्यपान करून वाहन चालविल्यास पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साध्या दुखापतीला वर्षभराची कैद सांगितली आहे. न्यायाधीश बहुधा दंडावर भागवितात, ही त्यांची मर्जी झाली. तिच्या भरवशावर कबुली देणे शहाणपणाचे नव्हे.

खरी मेख दंडाच्या रकमेत नाहीच. कबुली दिली की माणूस गुन्हेगार ठरतो, आणि स्वतःच्या कबुलीवरून दोषी ठरलेल्यास दोषाविरुद्ध अपील करता येत नाही. शिक्षा किती व कायदेशीर की बेकायदेशीर, एवढ्यापुरतेच दार उघडे राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे उदाहरण घ्या. पाच हजारांहून कमी किमतीची वस्तू प्रथमच चोरणाऱ्याने ती परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. तरतूद उदार आहे, आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु दुकानातून अत्तराची कुपी उचलणाऱ्या कॉलेजकुमाराच्या नावापुढे शब्द लागतो तो ‘चोरी’ हाच. पुढे सरकारी नोकरीच्या अर्जात ‘आपणास कधी शिक्षा झाली आहे काय?’ हा प्रश्न येतो. अशा प्रश्नाचे उत्तर खरेच दिले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात बजावले आहे. क्षुल्लक गुन्ह्याकडे काणाडोळा करण्याची मुभा मालकास त्याच निकालाने दिली, हे खरे. पण काणाडोळा करणे न करणे त्याच्या हाती, उमेदवाराच्या नव्हे. दुसऱ्या बाजूने, खटला पडून राहिला तर पासपोर्ट अडतो, हीही अडचण खोटी नाही. तीच पुष्कळांना घाईने कबुलीकडे ढकलते.

वकील अशा वेळी नेमके काय करतो? चित्रपटातल्यासारखी भाषणे करीत नाही. तो आरोपाचे कलम वाचतो. साध्या दुखापतीचा खटला फिर्यादीशी तडजोड करून मिटविता येतो आणि आरोपी निर्दोष सुटल्याप्रमाणे होतो, हे त्याला ठाऊक असते. दंड भरून आलेल्या गृहस्थास ते घरी आल्यावर कळते. अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली पहिल्या गुन्ह्यास समज देऊन सोडता येते, आणि अशा दोषामुळे कायद्याने येणारी अपात्रता टळते. १९५८ सालचा हा कायदा. पण किती सुशिक्षितांनी त्याचे नाव तरी ऐकले आहे?

अरुणाचल प्रदेशातील सुकदास याच्यावर एका इंजिनिअरला धमकी दिल्याचा आरोप होता. वकिलावाचून खटला चालला आणि दोन वर्षांची कैद झाली. सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, एवढ्या कारणावरून १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. आज स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट न घालता ही मदत विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते. नोकरदार पुरुष मात्र बहुधा तिच्या बाहेर राहतो.

त्याची वकिलांविषयीची भीती अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तारखेगणिक फी, फीगणिक तारीख, हा अनुभव अनेकांच्या गाठी आहे. कोर्टाच्या आवारात ‘काम करून देतो’ म्हणत बाही धरणारा दलाल तर वकिलीला लागलेली कीडच होय. म्हणून पहिल्या भेटीत दोनच गोष्टी ठरवाव्यात : सल्ल्याचे किती, आणि संपूर्ण खटल्याचे किती. पहिली रक्कम परवडणार नाही असा पगारदार विरळा. कलम पाहून ‘तुम्हांला माझी गरज नाही’ असे सांगणारा वकीलही मिळतो, आणि त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

परंतु हा भार एकट्या आरोपीवर टाकून चालणार नाही. किल्ला कोर्टापासून कुर्ल्यापर्यंत खटल्यांची रीघ लागलेली असताना, झटपट मिळणारी कबुली न्यायालयालाही सोयीची वाटते. ती लिहून घेण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांनी समोरच्या माणसाला मराठीत सांगावे : या कलमाखाली कैद होऊ शकते, कबुलीनंतर दोषाविरुद्ध अपील नाही, आणि वकिलाला विचारून येण्यासाठी आठ दिवस हवे असतील तर मागा.