हरले नाहीत, तरी दाराबाहेर

१९५१ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची फुटबॉल टीम. आपल्या मैदानातला फुटबॉल नव्हे. बॉल काखेत मारून, माणसं अंगावर घेत पळायचा अमेरिकन फुटबॉल. कॉलेज लहान, पैशाची बोंब. पण पोरं नऊ सामने खेळली आणि नऊही जिंकली.

अशा टीमला मोसमाच्या शेवटी 'बाउल'चं आमंत्रण येतं. मोठा सामना, मोठा पैसा. यांना निरोप आला : या, पण ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर यांना घरी ठेवून या. का? तर ते दोघं काळे!

त्या वर्षी देशभरच्या कॉलेजांत सगळ्यात जास्त पळाला कोण? हाच मॅटसन. १,५६६ यार्ड, २१ टचडाऊन. म्हणजे घाम चालतो, माणूस चालत नाही. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

टीम म्हणाली, येऊ तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. आमंत्रण गेलं. मोसमानंतर कॉलेजनं पैशापायी टीमच मोडली.

आणि अजिंक्यपद? ते वार्ताहरांच्या मतांवर. त्यांनी पहिला नंबर दिला टेनेसीच्या अख्ख्या गोऱ्या टीमला, यांना चौदावा. टेनेसी नंतर बाउलमध्ये मेरीलँडकडून २८-१३ असं हरलं. तरी अजिंक्यपद त्यांचंच! ह्याला म्हणतात गुणवत्ता.

आज ही गोष्ट सांगताना लोक गोऱ्या पोरांच्या त्यागाचे गोडवे गातात. माझा वाद इथंच आहे. मी गोदीत हमाली करतो. टोळीतल्या दोघांना बाजूला काढून मुकादमानं बाकीच्यांना काम दिलं आणि आम्ही ते नाकारलं, तर त्या दोघांवर उपकार केला काय? माल सगळ्यांनी उचललाय, मजुरी सगळ्यांची. त्या पोरांना हे कळलं, म्हणून त्यांना सलाम. पण उपकाराची भाषा नको. मॅटसन-टोलर कुणाच्या दयेवर खेळत नव्हते.

टोलर १९६५ साली अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधला पहिला काळा पंच झाला. ज्याला मैदानात येऊ नको म्हणाले, त्याच्या शिट्टीवर गोरे थांबायला लागले.

तेव्हा अजिंक्य कोण, हे दार अडवणाऱ्यांना विचारू नका. मैदानाला विचारा.