खरेदीचे वकील

मनुष्य मोठ्या किमतीची वस्तू घरी आणतो, त्या दिवसापासून तो तिचे वकीलपत्र घेतो. हा अनुभव जुनाच आहे. पूर्वी तो स्कूटरच्या, पुढे फ्लॅटच्या आणि क्वचित जावयाच्याही बाबतीत येत असे. गेल्या पाच-सात वर्षांत विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्या आपल्या इंदूरच्या रस्त्यांवर दिसू लागल्या, मराठी घरांच्या दारांतही उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून या वकिलीला नवा बहर आला आहे. कोजागरीच्या मेळाव्यात किंवा लग्नाच्या पंगतीत कोणी सहज विचारावे, "काय हो, ही बॅटरीची गाडी कशी आहे?" आणि उत्तर यावे, "अहो, डोळे मिटून घ्या. पेट्रोल शून्य, देखभाल शून्य, प्रदूषण शून्य." तीन शून्यांचे हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आता आम्हांस अवश्य वाटते.

आमच्या घरी अशी गाडी तीन वर्षांहून अधिक काळ आहे आणि ती आम्हांस आवडते, हे प्रारंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढील मजकुराला कोणी पेट्रोलपंपवाल्याची कैफियत समजणार नाही. गुडघे कुरकुरू लागलेल्या माणसाला क्लच दाबावा न लागणे हे केवढे सुख आहे, ते राजवाड्याच्या संध्याकाळच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्यालाच कळेल. इंजिनाची घरघर नाही, सिग्नलवर गाडी बंद पडण्याची भीती नाही. तेव्हा आमची तक्रार गाडीविषयी मुळीच नाही. तक्रार आहे ती तिच्या मालकांविषयी, आणि तीही ते मित्राला सल्ला देतात त्या घटकेपुरती.

ही गोष्ट क्षुल्लक नाही. होळकरशाहीपासून येथे राहिलेली आपली घराणी मोजकी आहेत. निम्मी एकमेकांचे नातलग, उरलेली एकमेकांची शेजारी. आपल्यातील खरेदी जाहिरातीवर होत नाही, शब्दावर होते. विक्रेत्याचे बोलणे आपण निम्मे सोडून देतो, मित्राचे मात्र पुरते धरून चालतो. बँकेतील मुदतठेव मोडून गाडी घेणारा निवृत्त शिक्षक त्या एका शब्दावर दहा-बारा लाख रुपये टाकतो. त्याला पुन्हा तेवढी रक्कम जमवायला आयुष्य उरलेले नसते. अशा माणसाशी बोलताना अर्धे सांगणे हे खोटे सांगण्याहून फारसे निराळे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरा सल्ला देणारा माणूस गाडीविषयी बोलण्याआधी समोरच्याला एकच प्रश्न विचारील: रात्री तुमची गाडी कोठे उभी राहते? स्वतःचे आवार, तेथे स्वतःच्या मीटरवरचा पंधरा अँपियरचा सॉकेट आणि नीट घातलेले अर्थिंग, हे तिन्ही असतील तर निम्म्याहून अधिक प्रश्न सुटला. साध्या सॉकेटवर ताशी जेमतेम अडीच-तीन युनिटे गाडीत जातात. म्हणजे रात्रभरात शंभर-दीडशे किलोमीटरची बेगमी होते आणि शहरातल्या माणसाला तेवढी पुष्कळ झाली. भिंतीवर बसवायचा सात किलोवॉटचा चार्जर हवा असेल तर मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, हे गाडी विकताना कोणी आठवणीने सांगत नाही.

परंतु आपल्यापैकी किती जण असे भाग्यवान आहेत? रामबाग, नारायण बाग या जुन्या वस्त्यांतील वाड्यांत गाडी बोळाच्या तोंडाशी उभी राहते आणि बोळ सर्वांचा असतो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडून, ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येऊ नये म्हणून तीवर गोणपाट टाकून चार्जिंग करणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. पाहुण्यांपुढे मात्र हेच गृहस्थ गाडीची तोंड भरून स्तुती करतात. जुन्या वायरिंगच्या घरांत तर अर्थिंग इतके कच्चे असते की गाडीचा चार्जर वीज घ्यायलाच नकार देतो. ज्यांनी वाडा देऊन फ्लॅट घेतला त्यांची कथा वेगळी. नव्या इमारतींत गाड्यांच्या पाचव्या हिश्शाला पुरेल एवढी चार्जिंगची सोय असावी, अशी दुरुस्ती केंद्राने आदर्श इमारत-नियमांत २०१९ मध्ये केली खरी. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या इमारतीला तिचा काय उपयोग? तेथे सोसायटीचे ना-हरकत पत्र, तळघरापर्यंतची केबल आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांची हरकत, एवढे सगळे ओलांडावे लागते. ज्याला हे ओलांडणे शक्य नाही, त्याला "थांबा, इतक्यात घेऊ नका" असे सांगणारा मित्रच खरा मित्र होय.

दुसरा विषय अंतराचा. "एका चार्जमध्ये किती जाते?" या प्रश्नाला मालक प्रमाणपत्रावरचा आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा खोटा नसतो. पण प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून, ताशी ९० किलोमीटरच्या वर वेग जाऊ न देता, वातानुकूलन बंद ठेवून तो काढलेला असतो. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात चार माणसे आणि सामान घेऊन आग्रा-मुंबई रस्त्याने निघालेल्या गाडीचा त्याच्याशी संबंध दूरचाच. आमच्या गाडीच्या प्रमाणपत्रावर ४०० च्या पुढचा आकडा आहे. महामार्गावर ती २७० किलोमीटर चालते. बरे, हे २७० सुद्धा पुरते हाती लागत नाहीत. शहाणा माणूस बॅटरी पंधरा टक्क्यांच्या खाली उतरू देत नाही, आणि रस्त्यावरचा जलद चार्जर ऐंशी टक्क्यांनंतर इतका मंदावतो की तेथे थांबणे परवडत नाही. म्हणजे पहिल्या टप्प्यानंतर बॅटरीचा शेकडा पासष्टच भाग वापरायला मिळतो. किलोमीटरांत सांगायचे तर सुमारे १७५.

आता आपल्या घरांचे प्रवास पाहा. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला, कुलदैवत जेजुरीला किंवा तुळजापूरला. आपली गाडी शहराबाहेर निघाली की दक्षिणेकडे तोंड करते. इंदूर-पुणे सहाशे किलोमीटरच्या आसपास. घरून भरून निघालेली गाडी पहिला थांबा धुळे येण्याआधीच मागते आणि एकूण तीन थांबे होतात. प्रत्येक थांबा पाऊण तासाचा, तोही चार्जर चालू असला आणि पुढे कोणी उभे नसले तर. दिवाळीच्या सुट्टीत पुढे दोन गाड्या असल्या तर पाऊण तासाचे सव्वादोन तास होतात. मोबाइलवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात मुका निघाल्याचा प्रसंग आमच्यावर दोनदा आला आहे, एकदा रात्री साडेनऊला. हे सहन होण्याजोगे आहे. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने रेल्वेने जावे किंवा गाडी भाड्याने घ्यावी, त्यात काही बिघडत नाही. पण हे आधी माहीत असले पाहिजे. सोबत मधुमेहाची वृद्ध आई असताना महामार्गाच्या कडेला ते कळू नये.

घाटाची भीती मात्र लोक उगाच घालतात. इंदूर ते खलघाट, नर्मदेपर्यंत, सुमारे ४०० मीटरचा उतार आहे. परतताना तो चढावा लागतो आणि "चढाला बॅटरी संपते" असे जाणते लोकही सांगतात. हिशेब केला तर अठराशे किलोच्या गाडीला चारशे मीटर वर नेण्यास दोन-सव्वादोन युनिटे लागतात, म्हणजे सपाट रस्त्यावरचे पंधराएक किलोमीटर. उतरताना त्यातला बराच भाग गाडी स्वतःच ब्रेकमधून परत मिळवते. अंतर खाणारा खरा राक्षस वेग आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो. पेट्रोलची गाडी शहरात जास्त पिते आणि हमरस्त्यावर कमी. विजेच्या गाडीचे बरोबर उलटे आहे.

पैशाचा हिशेब तर सर्वांत जास्त लपवला जातो, कारण त्यात घेणाऱ्याचा शहाणपणा पणाला लागलेला असतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि लिटरमागे १५ किलोमीटर धरले तर किलोमीटरला सात रुपये पडतात. विजेच्या गाडीला, चार्जिंगमधील गळती धरून, शंभर किलोमीटरला सतरा युनिटे लागतात. घरची वीज आठ रुपये युनिट धरल्यास किलोमीटरला एक रुपया चाळीस पैशांच्या आत. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला साडेपाच रुपयांची बचत. येथपर्यंतचे सर्व जण सांगतात. पुढचे सांगत नाहीत. त्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीहून विजेची गाडी चार लाखांनी महाग पडली असे समजा. महिन्याला पंधराशे किलोमीटर फिरणाऱ्या व्यापाऱ्याचे वर्षाला ९९,००० रुपये वाचतात आणि चार वर्षांत फरक फिटतो. त्याने जरूर घ्यावी. पण निवृत्त माणूस महिन्याला चारशे किलोमीटर फिरतो: भाजीबाजार, दवाखाना, मंडळाचे व्याख्यान आणि रविवारी खजराण्याचा गणपती. त्याचे वर्षाला २६,४०० वाचतात. चार लाख फिटायला पंधरा वर्षे! बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची, आणि मुदतठेवीचे बुडालेले व्याज आम्ही या हिशेबात धरलेलेच नाही. ज्याला घरी चार्जिंग नाही आणि जो सार्वजनिक चार्जरवर युनिटला वीस-बावीस रुपये मोजतो, त्याची बचत तर आणखी दोन रुपयांनी घटते.

शिळ्या माहितीने केलेले उपकार आणखी निराळे. गाडीच्या कर्जावरील व्याजाला दीड लाखापर्यंत आयकरात सूट मिळते, असे परवाच एका सुशिक्षित गृहस्थांनी दुसऱ्याला छातीठोकपणे सांगितले. ती सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. विजेच्या गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे हे खरे. पण लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आणि दोहोंच्या किमतींतील दरी त्या दिवशी रुंदावली, हे त्याच दमात सांगायला हवे.

राहिली उरलेली दोन शून्ये. देखभाल कमी आहे, शून्य नाही. ऑइल बदलावे लागत नाही, पण गाडी जड असल्याने टायर लवकर झिजतात. शिवाय मोठ्या बॅटरीखेरीज जुन्या पद्धतीची एक छोटी बारा व्होल्टची बॅटरीही आत असते आणि ती बसली तर लाखांची गाडी दारात दगड होऊन राहते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेण्याची सोय नाही. प्रदूषणाविषयी बोलावे तर आपल्या देशात आजही शंभरातील सत्तरांहून अधिक युनिटे कोळशावर तयार होतात. सॉकेटमागचा धूर खंडव्याकडील सिंगाजीच्या औष्णिक केंद्रातून निघतो, एवढेच. शंभर किलोमीटरला पेट्रोलची गाडी सुमारे पंधरा किलो कार्बन वायू सोडते. विजेच्या गाडीच्या वाट्याला बारा येतो. पाचवा हिस्सा वाचला, आणि आपल्या गल्लीतल्या पोरांच्या नाकातला धूर गेला. हा लाभ लहान नव्हे, त्यास शून्याचा खोटा साज चढवण्याचे कारण नाही. छपरावर सौर पट्ट्या बसवणाऱ्याचा हिशेब याहून पुष्कळ चांगला येईल.

दुसऱ्या बाजूचे वकीलही आहेत. हे गाडीत कधी बसलेले नसतात. "पेटते म्हणे," "पावसात शॉक बसतो म्हणे" हे त्यांचे पुरावे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आगी लागल्या त्या प्रामुख्याने विजेच्या दुचाकींना, आणि त्याच वर्षी बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक करण्यात आले, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. ज्याच्या दारात आवार आहे, रोज पन्नास किलोमीटरची ये-जा आहे, त्याला हे लोक केवळ धास्तीने पेट्रोलला बांधून ठेवतात. त्याचे नुकसानही मित्रांनीच केलेले असते.

आमचे एक स्नेही म्हणतात, "तुम्ही अडचणी सांगत बसलात तर कोणी घेणारच नाही, आणि हवा सुधारायची कशी?" हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. थापेवर विकलेली एक गाडी वर्षभरात दहा शत्रू निर्माण करते, कारण फसलेला मनुष्य गप्प बसत नाही. तो प्रत्येक पंगतीत आपली कहाणी सांगतो आणि ज्यांनी घेणे योग्य होते तेही मागे सरतात. हवेची एवढी काळजी असेल तर योग्य माणसाला गाडी घ्यायला लावावी. त्यासाठी अयोग्य माणसाला परावृत्त करता आले पाहिजे, आणि तेथेच मालकाची जीभ अडते, कारण मित्राला "तुम्हाला नको" म्हणताना "मला तरी हवी होती का?" हा प्रश्न मागून येतो.

मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांच्या मनात ही खरेदी आहे, त्यांना आमची गाडी एक दिवसासाठी न्यायला मिळेल. अट इतकीच, की ती मे महिन्यात दुपारी न्यावी, घरची चार माणसे बसवावीत, वातानुकूलन चालू ठेवावे, मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदेचे दर्शन घ्यावे आणि परत यावे. निघतानाचा आणि आल्यानंतरचा आकडा कागदावर लिहून आणावा. रात्री ती स्वतःच्या दारात उभी करून स्वतःच्या सॉकेटवर लावून पाहावी, आणि किल्ली सकाळी आणून द्यावी.