भाषेचीं वळणें : शब्द सोपे, अर्थ अवघड

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें-नातवंडें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं इंग्लंड-अमेरिकेस गेलेलीं आहेत. व्याकरण पक्कें, शब्दसंग्रह मोठा. तरीही तेथील शेजाऱ्याचें साधें बोलणें त्यांस आरंभीं उमगत नाहीं. याचें कारण कठीण शब्द नव्हेत, सोपेच शब्द होत. ‘पुट’, ‘टेक’, ‘पास’ हीं क्रियापदें आणि ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ हीं अव्ययें पहिल्या पुस्तकांतच भेटतात. पण दोघांची जोडी जमली कीं अर्थ तिसराच निघतो.

डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत परकीयांची ही अडचण नमूद केली आहे. अशा जोड्यांस ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हें नांव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत योजिलें. तें त्यांस ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें होतें.

ज्यांनीं संस्कृत उपसर्ग घोकले आहेत, त्यांस यांत नवल वाटूं नये. एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार निघतात. फरक इतकाच, कीं संस्कृतांत उपसर्ग धातूच्या पुढें चालतो, तर इंग्रजींत अव्यय मागून येतें व पुष्कळदां मध्यें अंतरही ठेवतें. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही शुद्ध. परंतु सर्वनाम आलें कीं ‘पुट इट ऑफ’ असेंच म्हटलें पाहिजे.

कांहीं जोड्यांचें मर्म मराठीनेंच कळतें. ‘ईट’ म्हणजे खाणें, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणें. आपल्या ‘टाकणें’चें काम येथें ‘अप’ करतो. पण सर्वत्र असा आधार मिळत नाहीं. ‘पुट अप’ म्हणजे पाहुण्यास घरीं उतरवून घेणें. त्यास ‘विथ’ जोडला कीं त्याच पाहुण्यास कसेंबसें सोसणें! आभाराच्या पत्रांत हा ‘विथ’ चुकून शिरला तर यजमानास काय वाटेल, तें सांगावयास नको.

याहून गंभीर उदाहरण ‘पास’चें. आपल्याकडे मुलगा ‘पास आउट’ झाला म्हणजे पेढे वाटतात. लंडनच्या नित्याच्या बोलण्यांत त्याचा अर्थ तो बेशुद्ध पडला असा होतो. आणि ‘पास्ड अवे’ म्हणजे वारला. मध्यरात्रीं परदेशांतील इस्पितळाचा फोन आला, तर ‘आउट’ कीं ‘अवे’ एवढ्या एका अव्ययावर साऱ्या घराचा प्राण टांगलेला असतो. अशा वेळीं नुसतें ‘येस, येस’ न म्हणतां वाक्य पुन्हां विचारून घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

अभ्यासाची रीत एकच. ‘पुट’खालीं वीस अर्थांची यादी पाठ करूं नये; तिनें गोंधळ मात्र वाढतो. जोडी ज्या वाक्यांत ऐकिली, त्या वाक्यासह वहींत उतरावी व दोन दिवसांत ती स्वतः बोलण्यांत आणावी. रोज एक जोडी घेतली तरी वर्षाअखेर साडेतीनशेंहून अधिक पदरीं पडतात.