पिंजरा उघडला म्हणजे सुटका नव्हे

संपादक महोदय,

पाळलेला राघू गच्चीवरून उडवून द्यावा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला दयाळू, पण घातक आहे. पंख छाटलेल्या पोपटाची जुनी पिसे गळून नवी यायला कित्येक महिने लागतात. कावळे-मांजरे तोवर थांबत नाहीत. त्यातून डाळ-मिरचीवर वाढलेल्याला झाडावरचे खाणे शोधता येत नाही. म्हणून बचाव केंद्रात आधी तपासणी, मग जाळीच्या मोठ्या दालनात उडण्याचा सराव, शेवटी थव्यासोबत सुटका.

दत्तक? देशी पोपटासाठी ती वाटच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणे गुन्हा आहे. नोंदणी करून नवे घर शोधता येते ते आफ्रिकी करड्या पोपटासारख्या परदेशी पक्ष्याला.

घरात राघू असेल, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

— एक वाचक