लाल चेहरा आणि भिडेची किंमत

घणसोली गावाच्या जुन्या गावठाणात, जिथे दोन माणसे समोरासमोर आली की एकाला बाजूला सरावे लागते अशा गल्ल्यांत, किराणा, कापड आणि भांडी यांची दुकाने आहेत. त्यांतल्या कोणत्याही गल्ल्यावर तासभर बसणाऱ्याच्या कानावर चार भाषा पडतात. आगरी गिऱ्हाइकाशी मराठी, घरच्या मंडळींशी मारवाडी, गुजराती किंवा कच्छी, वाशीच्या घाऊक बाजारातील व्यापाऱ्याशी फोनवर हिंदी, आणि संध्याकाळी शाळेतून परतलेल्या मुलांची इंग्रजी. या चौथ्या भाषेतला एक शब्द हल्ली फार ऐकू येतो : ‘एम्बॅरसिंग’. पाहुण्यांसमोर गाणे म्हणायला सांगितले तर एम्बॅरसिंग, वर्गात उत्तर चुकले तर एम्बॅरसिंग, मित्राचे पैसे परत द्यायचे राहिले तर एम्बॅरसिंग, आणि पालकसभेत वडिलांनी शिक्षिकेशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्याचा प्रयत्न केला तर तेही एम्बॅरसिंग.

यांपैकी पहिल्या प्रसंगी मराठी माणूस ‘संकोच वाटला’ म्हणेल, दुसऱ्या प्रसंगी ‘खजील झालो’ आणि तिसऱ्या प्रसंगी ‘ओशाळलो’. चौथ्या प्रसंगासाठी मराठीत शब्दच नाही असे नव्हे. परंतु तो मुलाच्या नव्हे, वडिलांच्या बाजूचा आहे. मुलाच्या चेहऱ्यावरचा भाव पाहून वडील ‘कानकोंडे’ होतात. चार वेगवेगळ्या मनःस्थिती एकाच पिशवीत भरल्या गेल्या की कोणती जपायची आणि कोणती झटकून टाकायची, हे मुलाला उमजत नाही. म्हणून इंग्रजीतले लाजेचे वाक्प्रचार मुले शिकत असतील, तर त्यांच्या शेजारी मराठीतले मांडून पाहणे व्यर्थ ठरणार नाही.

इंग्रजीतील लाज मुख्यतः चेहऱ्यावर दिसते आणि तिचा रंग लाल असतो. लाजणारा इंग्रज ‘बीटरूटसारखा लाल’ होतो. वृत्तपत्रात सरकारची चूक उघड झाली की ते ‘रेड-फेस्ड’ ठरते. ज्याची फजिती झाली त्याच्या ‘तोंडावर अंडे’ असते. हा प्रयोग विसाव्या शतकातला व अमेरिकेतून आलेला. ज्या घरात अंडे उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरातील मुलाने परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत स्वतःच्या तोंडावर अंडे लावून घ्यावे, हा भाषेचा विनोदच म्हणायचा. वाक्प्रचाराला मात्र आहाराचे नियम लागू होत नाहीत. मुलाने तो बिनदिक्कत लिहावा.

मराठीत लाल रंग लाजेच्या वाट्याला थोडाच आला आहे. गालांवर लाली चढते किंवा गाल आरक्त होतात ते नववधूचे, आणि तेही बहुधा कादंबरीत. एरवी ‘लालबुंद’ झालेला माणूस संतापलेला असतो. इंग्रजीतल्या ‘तो लाल झाला’ या वाक्याचे शब्दशः मराठी केले तर लाजलेला माणूस रागावलेला होऊन बसतो. मराठी लाजेचा रंग पाहायचा असेल तर ‘गोरामोरा’ हा शब्द पाहावा. चूक पकडली गेल्यावर ज्याच्या चेहऱ्यावरचा रंग स्थिरच राहत नाही, त्याच्यासाठी याहून नेमका शब्द सापडणे कठीण. कलंक लागला तर तोंड ‘काळे’ होते. तो लाजेचा नव्हे, लाज घालवल्याचा रंग.

लाल रंगाबाबतचा हा फरक व्यापाऱ्याच्या वह्यांतही दिसतो. इंग्रजी हिशेबात तोटा लाल शाईने लिहिण्याची रीत होती, म्हणून तोट्यातील व्यवसायाला ‘इन द रेड’ म्हणतात. आपल्याकडे चोपडीचे बासनच लाल कापडाचे, आणि दिवाळीला तिच्यावर उमटणारे कुंकवाचे स्वस्तिकही लाल. एकाच्या वहीत लाल म्हणजे लाजिरवाणी बाब, दुसऱ्याच्या वहीत लाल म्हणजे शुभारंभ.

चेहरा लाल होणे ही गोऱ्या कातडीची मिरासदारी आहे काय, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. १८६७ साली त्याने जगभरच्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना व वसाहतींतील ओळखीच्या लोकांना एक प्रश्नावली पाठवली. तीत त्याने विचारले होते की, कातडीचा रंग दिसू देत असेल तेथे लाजेने चेहरा लाल होतो काय आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते. उत्तरे आली, आणि १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या, मानव व प्राणी यांच्या भावनाविष्कारावरील ग्रंथात त्याने लाजण्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले. सर्व भावाविष्कारांत लाजणे हाच सर्वांत खास मानवी आविष्कार होय, असे त्याचे मत. सावळ्या कातडीखालीही रक्त तसेच उसळते, फक्त ते दिसत नाही, असाही त्याचा निष्कर्ष होता. त्याचे आणखी एक निरीक्षण येथे उपयोगी आहे. मनुष्य लाजतो तो स्वतःच्या कृत्याने तितका नाही, जितका ‘दुसरा माझ्याविषयी काय विचार करीत असेल’ या विचाराने. मराठी म्हणीने ही वाटणी आधीच करून ठेवली आहे : जनाची नाही तर मनाची. डार्विनचे प्रकरण जनाच्या लाजेचे आहे. मनाच्या लाजेने चेहऱ्याचा रंग बदलेलच असे नाही.

शब्दांच्या मुळांकडे वळले तर अधिक गंमत आहे. ‘एम्बॅरस’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ लाजेशी संबंधितच नव्हता. वाट अडवणे, अडथळा आणणे, गुंतवणे हा त्याचा अर्थ. त्यामुळे जुन्या इंग्रजी व्यवहारात कर्जात अडकलेल्या माणसाची परिस्थिती ‘एम्बॅरस्ड’ आहे असे लिहीत. मराठी व्यापारी अशा वेळी म्हणतो, ‘सध्या जरा अडचण आहे.’ अडणे आणि अडचण! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पैशाच्या तंगीला एकच प्रतिमा दिली.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. याच शब्दाच्या स्पॅनिश कुळात ‘एम्बाराझादा’ असा एक शब्द आहे. इंग्रज प्रवासी तो ‘लाजलेली’ या अर्थाने वापरतो आणि फसतो, कारण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ गरोदर स्त्री असा होतो. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. चारचौघांत काय बोलावे हे न सुचणारा मराठी माणूस ‘अवघडतो’, आणि दिवस भरत आलेल्या स्त्रीला घरातील वडीलधाऱ्या बायका ‘अवघडलेली’ म्हणतात. हालचालीची मोकळीक गेली, एवढाच दोहोंतला समान धागा. तो धागा स्पेनमध्येही पकडला गेला आणि महाराष्ट्रातही.

‘संकोच’ म्हणजे तर शब्दशः आक्रसणेच. लाजाळूच्या पानाला बोट लावल्यावर जे होते ते. या झाडाचे मूळ अमेरिका खंडातील; लिनियसने १७५३ साली त्याला ‘मिमोसा पुडिका’ हे लॅटिन नाव दिले, आणि ‘पुडिका’ म्हणजे लाजरी. इंग्रज मात्र त्याला ‘टच-मी-नॉट’ म्हणून धाक घालतो. या एका बाबतीत मराठी बोली लॅटिनच्या जवळची ठरली.

लाजेच्या टोकाला गेले की दोन्ही भाषा मरणाची भाषा बोलू लागतात. इंग्रजीतील ‘मॉर्टिफाइड’ हा शब्द ज्या लॅटिन मुळातून आला त्याचा अर्थ ठार करणे. मराठीत माणूस ‘मेल्याहून मेल्यासारखा’ होतो. इंग्रजालाही वाटते की जमिनीने आपल्याला गिळून टाकावे, आणि मराठी माणसालाही वाटते की धरणी दुभंगावी. मात्र मराठी वाक्प्रचारामागे सीता उभी आहे, आणि सीतेने धरणीला साद घातली ती लाजून नव्हे, पुन्हा परीक्षा देण्याचे नाकारून. पहिला गुण चुकला म्हणून धरणी दुभंगण्याची इच्छा करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

खाण्याच्या बाबतीत मात्र दोन भाषांची ताटे निराळी आहेत. इंग्रजीत चूक कबूल करणारा ‘हंबल पाय’ खातो. त्यातील ‘हंबल’ या शब्दाशी नम्रतेचा संबंध नंतर जोडला गेला. मूळ शब्द ‘अंबल्स’, म्हणजे शिकारीतील हरणाची आतडी-काळीज, आणि त्याचा पाय म्हणजे कनिष्ठ दर्जाचे जेवण. मराठीत माणूस ‘शेण खातो’ किंवा ‘माती खातो’. फरक असा की इंग्रज खातो ते चुकीनंतर, प्रायश्चित्त म्हणून; मराठीत खाणे हीच चूक असते. म्हणून ‘त्याने हंबल पाय खाल्ला’ याचे भाषांतर ‘त्याने शेण खाल्ले’ असे करणारा विद्यार्थी एका पश्चात्तापदग्ध माणसाला पुन्हा गुन्हेगार करतो.

‘लूझ फेस’ हा प्रयोग तर इंग्रजीचा स्वतःचाही नाही. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहिलेल्या इंग्रजांनी तो चिनी भाषेतून उचलला. आपली ‘अब्रू’ अशीच फारसीतून आली. ‘आब’ म्हणजे पाणी, तेज. ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी उतरले की अब्रू गेली. ‘शरम’ही फारसी; ‘खजील’ आणि ‘फजिती’ मुळात अरबी. ‘लाज’ मात्र थेट संस्कृत ‘लज्जा’पासून आलेली. इतक्या घरांतून आलेले शब्द मराठीने एका छपराखाली ठेवले आणि प्रत्येकाला वेगळे काम दिले, ही तिची व्यवस्थापनाची हातोटी म्हणावी लागेल. यांत व्यापारी घराला सर्वांत जवळचा शब्द ‘पत’. त्याचा संबंध ‘प्रत्यय’ म्हणजे विश्वास या शब्दाशी जोडतात, आणि इंग्रजीतील ‘क्रेडिट’ही विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला. पत जाणे म्हणजे एकाच वेळी अब्रू जाणे आणि उधार माल मिळणे बंद होणे.

इतकी साम्ये आणि इतके भेद पाहिल्यावरही एका मराठी शब्दाला इंग्रजीत जोडीदार सापडत नाही. तो शब्द म्हणजे ‘भीड’. तो संकोच आहे, पण नुसता संकोच नाही. त्यात समोरच्या माणसाचे वजन मिसळलेले असते. भीड पडते, भीड वाटते, भीड मोडवत नाही, आणि सरावाने ती चेपतेही. इंग्रजी शब्द लाजणाऱ्याचा चेहरा दाखवतो. भीड हा शब्द लाजणाऱ्यासमोर कोण उभा आहे हे विचारतो. तिच्यामुळे चेहरा लाल होत नाही. उलट भिडस्त माणूस हसतमुखाने ‘हो’ म्हणतो, आणि आतून आक्रसतो.

त्या ‘हो’ची किंमत बँकेच्या कागदावर दिसते. भाच्याच्या, भागीदाराच्या किंवा समाजातील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या कर्जाला जामीन म्हणून सही देणारे अनेकजण कागद वाचत नाहीत. वाचणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी भीड त्यांना पडते. ‘फक्त एक सही हवी आहे’ या वाक्यापुढे पन्नास वर्षांचा मुरलेला व्यापारीही नमतो. भारतीय करार कायद्याचे कलम १२८ भीड ओळखत नाही. करारात अन्यथा नमूद नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच, असे ते सांगते. हा कायदाही १८७२ चाच. ज्या वर्षी लंडनमध्ये डार्विन लाजेची कारणे छापत होता, त्याच वर्षी हिंदुस्थानात भिडेचा हिशेब कलमबद्ध झाला. धनकोने आधी मूळ ऋणकोकडून वसुलीचे सर्व उपाय संपवावेत आणि मगच जामीनदाराकडे यावे, ही समजूतही चुकीची आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस ‘बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती स्पष्ट शब्दांत नाकारली. ऋणको समोर असतानाही नोटीस जामीनदाराच्या दारी येऊ शकते. मग ज्या नात्यासाठी सही दिली, ते नातेही त्या नोटिशीबरोबर संपते.

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण ज्यांनी केली त्यांनी कलम १२८ वाचले नव्हते. चाणक्याच्या नावावर असलेल्या एका सुभाषिताचाही आशय असाच आहे. धनधान्याचा व्यवहार, विद्या मिळवणे आणि भोजन या ठिकाणी लाज बाजूला ठेवणारा सुखी होतो. त्यात व्यवहाराबरोबर विद्याही आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पालकसभेत मोडके इंग्रजी बोलणारे वडील त्या सुभाषिताप्रमाणेच वागत असतात. त्यांची भाषा तोकडी असेल; परंतु तेथे मान खाली घालण्याजोगे काही घडलेले नसते. मुलाला हे ‘एम्बॅरसिंग’ या एका शब्दातून कळणार नाही. ‘यात ओशाळण्यासारखे काय आहे?’ असे मराठीत विचारले तर कदाचित कळेल, कारण ओशाळण्यासाठी आधी काही चुकावे लागते.

लहान दुकानदाराने भिडेवर आपल्यापुरता तोडगा फार पूर्वीच काढला आहे. रोजच्या गिऱ्हाइकाला, शेजाऱ्याला, ज्याच्या मुलीच्या लग्नात जेवून आलो त्याला तोंडाने ‘उधार मिळणार नाही’ म्हणणे जमत नाही. म्हणून गल्ल्याच्या मागे, गणपती-लक्ष्मीच्या तसबिरीखाली तो एक पाटी लावतो : ‘आज रोख, उद्या उधार’. गिऱ्हाईक पाटी वाचते, दुकानदार वजनकाट्याकडे पाहतो, आणि दोघांपैकी कोणालाच गोरेमोरे व्हावे लागत नाही.